मुख्य आचाऱ्याचे परिचयपत्र

बऱ्हाणपूरचे नाव काढले की कोणास तापी आठवते, कोणास केळी, तर पुष्कळांस माव्याची जिलेबी. दराबा आणि मांडे यांचीही कीर्ती लहान नाही. अशा गावी हात बसलेले आचारी निपजावेत यात नवल ते काय? शनवाऱ्याहून खंडवा, भुसावळ, इंदूर, मुंबई आणि तेथून आखाती देशांपर्यंत जाऊन भटारखान्यांत कष्ट करणारी माणसे आमच्या वाचककुटुंबांत आहेत. तथापि एक गोष्ट आम्हांस वरचेवर खटकते. पंधरा-वीस वर्षे आचेपुढे काढलेला माणूस दुय्यम जागेवरच राहतो आणि मुख्य आचाऱ्याची जागा रिकामी झाली की ती दुसऱ्याच कोणास मिळते. घरची मंडळी म्हणतात, नशीब! आम्ही असे कित्येक अर्ज वाचले आहेत, आणि आमचे मत असे की, दोष पुष्कळदा नशिबाचा नसून अर्जाचा असतो.

आचाऱ्याच्या हाताला कागदाची जोड लागते, ही गोष्ट आजची नव्हे. गोव्यातील शेकडो तरुण एकोणिसाव्या शतकापासून मुंबईस येऊन आपापल्या गावच्या 'कुडां'त राहत आणि विलायती कंपन्यांच्या बोटींवर आचारी, खानसामे म्हणून नोकरी धरीत. सफर संपली की बोटीवरील अधिकारी त्यांच्या पुस्तिकेत कौशल्य आणि वर्तणूक यांविषयी शेरा लिहून देई. पुढील बोटीवरची जागा त्या शेऱ्यावर अवलंबून असे. साहेबांच्या बंगल्यांवर काम करणारे खानसामेही जुन्या धन्यांच्या चिठ्ठ्या जपून ठेवीत. परंतु त्या चिठ्ठ्यांत उसन्या आणि बनावट चिठ्ठ्याही पुष्कळ असत, आणि त्यापासून सावध राहावे असा इशारा त्या काळच्या गृहव्यवस्थेच्या इंग्रजी पुस्तकांत दिलेला असे. त्यामुळे खऱ्या चिठ्ठीकडेही लोक संशयाने पाहू लागले. एकाने खोटे लिहिले म्हणजे दहा प्रामाणिकांचे मोल उतरते, ते असे.

आता मुख्य जागेसाठी कागद कसा असावा, हे पाहू. त्याआधी ती जागा कशाची आहे, हे उमजले पाहिजे. आजच्या मोठ्या हॉटेलांतील भटारखान्याची रचना प्रामुख्याने फ्रान्सच्या ऑग्यूस्त एस्कॉफिए (1846–1935) या पाकशास्त्रज्ञाने घालून दिलेली आहे. तो 1870च्या युद्धात लष्करी आचारी होता, आणि पलटणीतल्यासारखी पायरीपायरीची व्यवस्था त्याने मुदपाकखान्यात आणली. सर्वांत खाली कॉमी, त्यावर एकेका विभागाचा शेफ द पार्ती, त्यावर सू-शेफ आणि सर्वांवर मुख्य शेफ. खालच्या पायरीवर मालक विचारतो, 'तुला काय रांधता येते?' वरच्या पायरीवर तो विचारतो, 'तुझ्या हाताखाली किती माणसे होती, खर्च किती राखलास आणि तू रजेवर असताना भटारखाना चालला काय?' आमच्या मंडळींचे अर्ज पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. पन्नास पदार्थांची यादी लिहितात आणि दुसऱ्या प्रश्नावर मौन पाळतात.

मागणी ओळखून लिहावे, याचा एक जुना दाखला आहे. सुमारे 1482 साली लिओनार्दो द विंची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झा याच्याकडे नोकरीसाठी पत्राचा मसुदा केला. तो जगद्विख्यात चित्रकार; पण त्या सत्ताधीशास लढाईची चिंता होती. म्हणून त्याने आधी पूल, तोफा, वेढ्याची साधने यांविषयी लिहिले आणि चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला. आपणही जाहिरात दोनदा वाचावी आणि त्या ठिकाणी ज्याची निकड आहे ते वर मांडावे. लग्नकार्याच्या केटररास हजार पानांची पंगत सांभाळणारा हवा असतो, तर इस्पितळाच्या भटारखान्यास पथ्यपाणी जाणणारा.

परिचयपत्र दोन पानांचे असावे, अधिक नको. वर नाव, दूरध्वनी आणि कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते. त्याखाली तीन-चार ओळींत सार : किती वर्षांचा अनुभव, कोणत्या प्रकारचा स्वयंपाक, रोज किती पाने, हाताखाली किती माणसे. मग नोकऱ्या, शेवटची सर्वांत आधी. प्रत्येक नोकरीखाली हुद्दा, कालावधी आणि तेथे आपल्या हातून काय सुधारले ते दोन-तीन वाक्यांत. 'मेहनती आणि प्रामाणिक आहे' हे प्रत्येक जण लिहितो. त्यावरून मालकास काही कळत नाही. 'दोन मदतनीस तयार केले, ते आज विभाग सांभाळतात,' यावरून पुष्कळ कळते.

आकडे कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. एक हिशेब देतो. महिन्याच्या आरंभी कोठारात 40,000 रुपयांचा माल होता, महिन्यात 1,70,000चा घेतला आणि अखेरीस 35,000चा उरला. म्हणजे 1,75,000चा माल लागला. त्या महिन्यात अन्नाची विक्री 5,00,000 रुपयांची झाली असेल, तर मालाचा खर्च शेकडा 35 पडला. वजन करून माल घेणे, उरलेल्याची नासाडी टाळणे अशा उपायांनी तो शेकडा 32वर आणला, तर तेवढ्याच विक्रीवर महिना 15,000 रुपये वाचले. आपण हे काम केले असेल तर ते एक वाक्य पन्नास पदार्थांच्या यादीहून वजनदार ठरते. केले नसेल, तर मात्र तो आकडा लिहू नये. मुलाखतीत 'कसे आणलेस?' असा पहिलाच प्रश्न येतो.

आपल्या भागाचे कसब लपवू नये. माव्याची जिलेबी पाचशे जणांस गरम वाढण्याचा सराव असेल तर तसे लिहावे. मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी बोलता येत असेल तर तेही लिहावे. भटारखान्यात चार मुलखांचे लोक एकत्र राबतात.

येथे आमच्या भगिनींविषयी विशेष सांगावयाचे आहे. एखादी बाई वसतिगृहाचे स्वयंपाकघर बारा वर्षे सांभाळते आणि अर्जात अनुभव या सदरापुढे रेघ मारते. का, तर 'आम्ही काय, पोरांना जेवू घातले!' दोनशे मुलांस दिवसातून तीन वेळा म्हणजे रोज सहाशे पाने होतात. त्यात किराण्याचा अंदाज आला, गॅसचा हिशेब आला, आजारी मुलाची पेज आली, मदतनिसांची पाळी आली. हा अनुभव नव्हे तर काय? तो आकड्यांसह लिहावा. भावांनी, पतीने ही रेघ पुसावयास तिला साहाय्य करावे.

ज्यांच्यापाशी शिक्षणाचा दाखला नाही त्यांनी खचू नये. मुंबईस 1954 साली हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली. तेव्हापासून शिकलेल्या शेफांची रांग वाढत गेली हे खरे. मुंबईत 1960 साली जन्मलेले गोवेकर कुटुंबातील फ्लॉइड कार्डोझ अशाच शिक्षणानंतर न्यूयॉर्कच्या एका नामांकित भटारखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली पायऱ्या चढले आणि 1998 साली 'तबला' या उपाहारगृहाचे प्रमुख झाले. मार्च 2020मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. परंतु अनुभवातून शिकलेल्यांसाठीही वाट आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे फोस्टॅक हे प्रशिक्षण 2017पासून आहे. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, हा त्यामागील दंडक. ज्याच्या हाती हे प्रमाणपत्र आहे, तो मालकाची एक चिंता दूर करतो. त्याची मुदत दोन वर्षांची असते, म्हणून तारीख पाहून लिहावे.

कित्येकांच्या नोकऱ्यांत खंड असतो. टाळेबंदीत 2020 साली हॉटेले बंद झाली. कोणी वडिलांच्या आजारपणात घरी राहिले. तो खंड झाकण्यासाठी जुन्या नोकरीची वर्षे ताणण्याचा मोह होतो, आणि टंकलेखन करून देणाराच कधी तसे सुचवितो. तसे करू नये. एका ओळीत कारण लिहावे. समंजस मालक ते समजून घेतो. खोटी वर्षे एका दूरध्वनीने उघडी पडतात. शिवाय मोठ्या जागेसाठी बहुधा प्रत्यक्ष रांधून दाखवावे लागते. तेथे कागद मदतीस येत नाही. आणि खोट्या कागदावर जागा मिळालीच, तर मनुष्य रोज उघडकीस येण्याच्या धास्तीत राबतो. ज्या घरासाठी नोकरी धरली त्या घरातही ती धास्ती शिरते. सत्य बोलावे ही आज्ञा अर्जाच्या कागदासही लागू आहे, एवढेच आम्ही धर्मगुरू या नात्याने म्हणतो.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. आधार किंवा पॅन क्रमांक परिचयपत्रात घालू नये. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांचीही गरज नाही. ज्यांची नावे संदर्भासाठी द्यावयाची त्यांस आधी विचारावे. परदेशीची जागा असेल तर दलाल सरकारी नोंदणीचा आहे काय, हे पाहिल्यावाचून पैसा आणि पासपोर्ट देऊ नये. शेत गहाण ठेवून दिलेला पैसा परत येत नाही, याची उदाहरणे कोणत्याही गावी विचारावीत.

असो. ज्यांच्या घरी आचारी आहे त्यांनी या रविवारी जेवणानंतर घटकाभर एकत्र बसावे. मुलांनी वही घ्यावी आणि बाबांस किंवा आईस विचारावे : रोज किती पाने? हाताखाली किती जण? कोणास शिकविले? काय वाचविले? शिकलेल्या मुलाने ते नीट टंकित करावे आणि अर्जदाराने स्वतः वाचून पाहावे. जे वाक्य वाचताना मान खाली जाईल ते खोडावे. आपल्या आईबापांनी इतकी वर्षे काय केले, हे कित्येक मुलांस त्या दिवशी प्रथमच कळेल. जागा मिळेल की नाही हे मालकाच्या हाती आहे, परंतु हा लाभ घरचा आहे.