गोळी दिवस गेल्यावर नाही, त्याआधी

बाळाच्या पाठीचा कणा कधी तयार होतो, असं विचारलं तर बहुतेक जणी पाचवा-सहावा महिना सांगतात. पण त्याचा पाया गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत पडून जातो. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि सून म्हणत असते, "येईल दोन-चार दिवसांत."

तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर एक चपटी पट्टी असते. करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा तिच्या कडा उचलून एकमेकींना चिकटतात आणि नळी बनते. वरचा भाग मेंदू, खालचा मज्जारज्जू. नळीच्या दोन्ही बाजूंना पेशींचे गोळे जोडीजोडीने तयार होतात, त्यांतून पुढे मणके घडतात. नळीचं खालचं तोंड उघडं राहिलं तर तिथले मणकेही मागून जुळत नाहीत. बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मतं; अनेकदा पायांत बळ नसतं, लघवीवर ताबा नसतो.

मग घरात सुरू होतं: ग्रहणात विळी धरली होती, हिचंच काहीतरी चुकलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि तोंडी ग्रहण! कारणं अनेक असतात, काही आनुवंशिकही. त्यातलं एक मात्र आपल्या हातात आहे, ते म्हणजे फॉलिक ॲसिड.

त्याचा माग मुंबईतच लागला. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तिथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, हे तिने दाखवलं. त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. १९९१ च्या एका मोठ्या अभ्यासात, आधी असं मूल झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी दिली, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

आपल्याकडे गोळी मिळते ती नाव नोंदवल्यावर, म्हणजे बहुतेकदा नळी जुळून गेल्यावर. माझं म्हणणं, आशाताईंनी नवविवाहितांची यादीही ठेवावी. विहारात लग्न लागतं तेव्हा महिला मंडळाने आहेरात भांड्याऐवजी या गोळ्यांची पाकिटं द्यावीत, महाग नाहीत. मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, तिसरा महिना संपेपर्यंत. पालक, मेथी, हरभरा खावाच, पण त्यावर विसंबू नये. आधी असं मूल झालेलं असेल, मधुमेह असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. काहींना मात्रा बरीच जास्त लागते.

आणि पाठीवर गाठ असलेलं बाळ जन्मलं तर अंगारा नको, त्याच दिवशी घाटीत न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा दोष धरलेला आहे.