पिवळा दिवा आणि सूरजागडचा रस्ता

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी एटापल्लीला भाच्याकडे जाऊन आलो. ताईने फोनवर "गाडीचं काय झालं मग?" असं तीनदा विचारलं आणि प्रत्येक वेळी मी "सविस्तर लिहितो" म्हणून वेळ मारून नेली. तर ताई, हे घे सविस्तर. आणि बाकीच्या मंडळींसाठीही यात थोडं काही आहे असं मला वाटतं, कारण पिवळा दिवा कधी ना कधी सगळ्यांच्याच गाडीत लागतो.

चंद्रपूरहून निघालो तो शनिवार होता. गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, मग आष्टी, पुढे आलापल्लीचं सागवान. इथपर्यंत गाडी आणि मी दोघेही खुशीत. त्यापुढे मात्र मध्येमध्ये रस्ता उखडलेला, कुठे काम चालू म्हणून बाजूने काढलेली कच्ची वाट, आणि समोर खनिजाच्या ट्रकांची रांग. झाडांची पानंसुद्धा तांबडी झालेली. सूरजागड म्हटलं की बाहेरच्यांना लोहखनिज आणि २०१६च्या डिसेंबरात जाळलेले ट्रक आठवतात. इथल्या माडिया लोकांना मात्र आधी ठाकूरदेव आठवतो. त्याच डोंगरावर तो आहे आणि जानेवारीत त्याची यात्रा भरते. भाचा म्हणाला, "मामा, आलाच आहात तर पायथ्यापर्यंत जाऊन येऊ." म्हणून रविवारी सकाळी पुन्हा गाडी काढली.

आणि तिथेच, खड्ड्यांतून पहिल्या गियरमध्ये रांगत असताना, समोरच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

माझ्या पोटात गोळा. फोनला रेंज नाही, गॅरेज आलापल्लीला. भाचा मात्र शांत. त्याने खणातून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं, स्टिअरिंगच्या खाली वाकून कुठेतरी खोचलं आणि ब्लूटूथने आपल्या फोनला जोडलं. मी म्हटलं, "अरे, तो दिवा घालवता येतो का यातून?" तो म्हणाला, "येतो. पण घालवायचा नाही. आधी वाचायचं."

या "आधी वाचायचं" वरच आजचा सगळा लेख आहे.

झालं काय होतं ते थोडक्यात सांगतो. आपल्या गाडीतला संगणक सतत स्वतःची तपासणी करत असतो. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ही सोय एकाच ठरावीक पद्धतीने द्यावी लागली. आपल्याकडे ती २०१० पासून अर्धीमुर्धी आणि २०१३ पासून पूर्ण स्वरूपात आली. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, ते त्यासाठीच. काही बिघडलं असं संगणकाला वाटलं की तो एक क्रमांक नोंदवतो. आणि त्याचबरोबर, बहुतेकांना हे ठाऊकच नसतं, त्या क्षणाचं एक चित्रही साठवून ठेवतो. वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती, भार किती, पाणी किती तापलं होतं, असे आकडे. याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. अपघाताच्या जागी पोलीस पंचनामा करतात ना, तसाच हा पंचनामा.

माझ्या गाडीचा क्रमांक होता पी ०३००. म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. एखादाच सिलिंडर चुकत असेल तर क्रमांक त्या सिलिंडरचा येतो, ०३०१, ०३०२ असा. ०३०० म्हणजे कुठला एक असं सांगता येत नाही. आणि पंचनामा असा: वेग १३, फेरे १८५०, भार ३४ टक्के, पाण्याचं तापमान ९२.

भाच्याने या सगळ्याचा फोटो काढून मला पाठवला. "मामा, चंद्रपूरला गेल्यावर हे दाखवा." दिवा नुसता लागलेला होता, लुकलुकत नव्हता, म्हणून हळूहळू परत येता आलं. (लुकलुकत असेल तर मात्र थांबायचं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग निकामी होतो. हे लक्षात ठेवा.)

परत येताना आलापल्लीला चहाला थांबलो. टपरीवर एक ट्रक ड्रायव्हर बसला होता, सिमेंट घेऊन एटापल्लीला आलेला. माझी दिव्याची कहाणी ऐकून तो हसला आणि आपली सांगू लागला. मालकाने ट्रकमध्ये एक यंत्र बसवलंय. जोरात ब्रेक लागला की नोंद, गाडी आदळली की नोंद. महिन्याच्या शेवटी नोंदी मोजायच्या आणि पगारातून कापायचे. "मशीनले खड्डा नाही दिसत जी," तो म्हणाला, "माझा ब्रेक दिसते."

हे वाक्य मी चंद्रपूरपर्यंत घोळवत आलो.

सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, उगाच कशाला. पोराने लॅपटॉप जोडला, क्रमांक बघितला आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत दिवा पुसून टाकला! मग चार इग्निशन कॉइल, चार प्लग, मजुरी असं सोळा हजारांचं एस्टिमेट हातात. मी म्हटलं, "कुठल्या सिलिंडरची कॉइल खराब आहे?" तो म्हणाला, "कोड मिसफायरचा आहे सर, आपण सगळ्याच बदलून टाकू." पुसताना फ्रीझ फ्रेमही गेली होती. गाडीतला पुरावा नष्ट, खिशातला फोटो तेवढा शिल्लक.

तो फोटो मी तिथल्या एका वयस्क मिस्त्रींना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले. वेग १३, फेरे १८५०. "पहिला गियर. हा रस्ता कुठला जी?"

"एटापल्ली ते सूरजागड."

"मग काऊन कॉइल बदलता?"

त्यांनी समजावलं ते असं. मिसफायर झाला हे संगणकाला डोळ्यांनी दिसत नाही. क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर एक सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला एक झटका मिळतो, एखादा पेटला नाही की फिरणं क्षणभर मंदावतं. त्या मंदावण्यावरून संगणक ओळखतो. पण चाक खड्ड्यात आदळलं की तो हिसका अॅक्सलमधून, गियरबॉक्समधून उलटा शाफ्टपर्यंत पोचतो आणि तिथेही फिरणं तसंच अडखळतं. बऱ्याच गाड्या चाकांच्या सेन्सरवरून खराब रस्ता ओळखून ही तपासणी तेवढ्यापुरती थांबवतात, पण सगळ्यांना, सगळ्या रस्त्यांवर ते जमतंच असं नाही. दिवा दुसऱ्या दिवशी का लागला तेही कळलं. साधारणपणे संगणक पहिल्या फेरीत शंका टिपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तेच दिसलं की दिवा लावतो. शनिवारी शंका, रविवारी खात्री!

तरी त्यांनी प्लग काढून पाहिले, कॉइल तपासल्या. सगळं ठीक. शे-दोनशे रुपयांत काम झालं. त्यानंतर तीन आठवडे नागपूर-चंद्रपूर चालू आहे, दिवा लागलेला नाही.

आता माझं मत. माझा राग त्या पोरावर नाही. त्याला 'दिवा म्हणजे तक्रार, दिवा गेला म्हणजे तक्रार मिटली' असंच शिकवलं असणार. पण वाचण्याआधी पुसणं ही सवय वाईट. डॉक्टरने नाडी बघायच्या आधी तापाचं औषध द्यावं तसं ते आहे. माझी गाडी, तिने टिपलेले आकडे माझे. दुरुस्तीच्या बिलाबरोबर ती नोंद छापून मिळायला काय हरकत आहे? रक्त तपासलं की रिपोर्ट हातात देतात ना?

आणि दुसरं. यंत्राने लिहिलं म्हणजे ते खरंच, असं मानणारे आपण सगळे होत चाललोय. आकडे खोटे नव्हते. वेग १३च होता, शाफ्ट अडखळलाच होता. पण आकड्यांत रस्ता नव्हता. रस्ता माहीत असलेला माणूस भेटला तेव्हाच आकड्यांना अर्थ आला. याच्या उलटही होतं. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण निघालं ते आठवत असेल. तिथे संगणकाला प्रयोगशाळेतली चाचणी बरोबर ओळखता यायची, आणि तेवढ्यापुरता धूर कमी व्हायचा. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने तपासलं आणि त्या डिसेंबरात कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तिथेही खरं काय ते प्रत्यक्ष रस्त्यावर मोजल्यावरच कळलं.

माझे सोळा हजार वाचले, कारण माझ्याकडे फोटो होता, भाचा होता आणि विचारणारे मिस्त्री होते. "हा रस्ता कुठला जी?" एवढा एकच प्रश्न. आलापल्लीच्या त्या ड्रायव्हरला महिन्याच्या शेवटी हा प्रश्न कोणीच विचारत नाही. त्याचा ब्रेक लिहिला जातो, खड्डा लिहिला जात नाही, आणि पैसे कापले जातात. सिमेंट मात्र पोचलेलं असतं.

असो. ताई, गाडी ठीक आहे, काळजी करू नकोस. भाचा जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला बोलावतोय, तेव्हा पुन्हा जाईन म्हणतो. ते काडेपेटीएवढं यंत्र मीही घेतलंय. दिवा लागला तर आधी वाचीन, लिहून ठेवीन, आणि बाजूला रस्त्याचं नावही लिहीन.