कचरा टाकाल तर कचराच निघेल

संगणकाला जात नसते म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत महाराष्ट्रात 4 लाख 28 हजारांवर जाती कशा निघाल्या? अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी मिळून यादीत होत्या 494! एकाच जातीचे नाव प्रगणकांनी दहा तऱ्हांनी लिहिले, यंत्राने प्रत्येकाची वेगळी जात केली. केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही माहिती सदोष ठरवली. राज्याची मागणी फेटाळली गेली. चूक व्यवस्थेची, शिक्षा ओबीसींना!

आता 2027 च्या जनगणनेत जात मोजणार आहेत. आधी प्रमाणित यादी, मगच मोजणी, ही आमची मागणी आहे. 1930 साली काळारामाच्या दारी हक्क मागणाऱ्या नाशिककरांनो, आपली नोंद वाचूनच प्रगणकाला निरोप द्या.

जय भीम!