जुन्या बाजारातलं चिपटं

पुण्याचा जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. तिथे पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते. गंजक्या नटबोल्टांच्या ढिगात एखादं पितळी चिपटं हाताला लागतं आणि डोक्यात जुनं गणित सुरू होतं... चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली! किलो-लिटर आले आणि हे गणित घराघरातून गेलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की वस्तूबरोबर तिची गोष्टही मागून घ्या. कुठल्या गावची, कुणाच्या घरातली? कळेल तेवढं वहीत लिहून ठेवा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे असल्या घरगुती वस्तू वेड्यासारख्या जमवल्या म्हणून आज राजा केळकर संग्रहालय आहे. नुसतं ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणून घेतलेलं चिपटं शोकेसमध्ये मुकंच राहणार.

आणि हो, कुणी हळूच जुनी दगडी मूर्ती दाखवली तर सरळ पुढे चालायला लागा. शंभर वर्षांवरच्या मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू आहेच. पण कायदा राहू द्या, ती कुठल्या तरी गावच्या देवळातून उचललेली असू शकते. आपल्या हौसेपायी कुणाचा देव जायला नको.

बाकी चिपट्यासाठी घासाघीस जरूर करा!