सरावाचें मैदान

मुदखेडास आगगाडीचे फांटे फुटतात, परंतु गोल्फचें मैदान कांहीं नाहीं. तेव्हां या खेळाविषयीं आम्हीं लिहावें हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण आमचा नातू पुण्यास शिकतो, गोल्फ चांगला खेळतो, आणि पुण्याचे उदयन माने २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत खेळले तेव्हांपासून त्याचा ध्यास वाढला आहे. सरावाची वर्गणी कोठें भरावी, हा प्रश्न आमच्या ज्येष्ठ चिरंजिवांनीं आम्हांपुढें टाकला. द्रव्य एकत्र कुटुंबाच्या खर्चांतून जावयाचें. म्हणून गेल्या महिन्यांत आम्ही स्वतःच नातवाबरोबर दोन ठिकाणें पाहून आलों.

पहिल्या ठिकाणीं विजेचे दिवे, डोक्यावर छप्पर, पायांखालीं कृत्रिम गवताची चटई. नातवाचा प्रत्येक चेंडू सरळ जात होता. दुसऱ्या ठिकाणीं खरें गवत. तेथें खेळण्याची काठी चेंडूच्या मागें बोटभर जमिनींत रुतली कीं चेंडू निम्म्या वाटेंतच पडे. चटईवर हीच चूक झाली तर काठी घसरून पुढें जाते, चेंडू बरा उडतो, आणि चूक झाल्याचें कळतच नाहीं. पुस्तक उघडें ठेवून पाठ म्हणणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांसही आपणांस सारें येतें असेंच वाटे. नवशिक्यास चटई पुरे. पावसाळ्यांत गवत चिखलांत जातें, तेव्हां ती सर्वांसच लागते; परंतु मुरलेल्या खेळाडूनें तिजवर विसंबूं नये.

दुसरें असें कीं, अठरा खळग्यांच्या मैदानास बहुधा ७२ टोल्यांचा हिशेब धरतात. त्यांतले ३६, म्हणजे प्रत्येक खळग्यास दोन, हिरवळीवर चेंडू हळूच ढकलण्याचे असतात. खळगा तो केवढा? व्यास सव्वाचार इंच! असें असतां मुलें तासन्‌तास लांबचे टोलेच मारतात. 'राम' शब्द चालविण्यांत पटाईत, आणि 'पथिन्' आला कीं गप्प. म्हणून तेथील हिरवळ खऱ्या मैदानाइतकीच बारीक कातरलेली आहे काय, वाळूच्या खड्ड्यांतून चेंडू काढण्याची सोय आहे काय, हें आधीं पाहावें. चेंडू झिजलेले असल्यास अंतराचा अंदाज फसतो. मैदानाचें तोंड पश्चिमेस असल्यास सायंकाळीं उन्हाच्या तिरिपीनें उडालेला चेंडू दिसत नाहीं.

पहिली जागा वसतिगृहास जवळ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परततांना नातू रुसलेलाच होता. "आजोबा, त्या दुसऱ्या जागीं माझा खेळ बिघडतो," म्हणाला. बिघडतो, कीं आहे तसा दिसतो, असें आम्हीं विचारलें. त्यानें उत्तर दिलें नाहीं. वर्गणी दुसऱ्या ठिकाणींच भरली आहे, तूर्त तीन महिन्यांची.