मुंगीला विष द्यावे ते साखरेतून



आपल्या सुरत जिल्ह्यात उसाच्या किंवा केळीच्या शेताकडेला, विहिरीजवळ, पाच-दहा लिंबाची झाडे पुष्कळांनी लावलेली असतात. घरच्या लोणच्याची सोय होते आणि चार पैसेही हाती येतात. अशा झाडावर मुंग्यांची रांग चढू लागली की आपण लागलीच विषारी पावडरीचा डबा शोधतो. ही सवय सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुंगी झाडावर कशाला चढते, हे आधी पाहू. कोवळ्या फुटीवर मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड रस शोषतात व गोड, चिकट पाणी टाकतात. तेच मुंगीला हवे असते. गुराखी गुरे राखतो तशी मुंगी या किडी राखते आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलून लावते. चिकट पाण्यावर काळी बुरशी वाढते, पाने काजळी धरल्यासारखी होतात व झाड खंगते. रांग तुटली की ढालकिडे आपले काम फुकटात करतात. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीने बुडत असता १८८८ साली ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ढालकिड्यांनीच त्या वाचविल्या.

पावडरीने वाटेवरच्या मुंग्या मरतात, वारुळातील राणी मात्र सुखरूप राहून अंडी घालते. आठ दिवसांत रांग पुन्हा हजर! ढालकिडे मात्र मरून जातात. पूर्वी सर्रास वापरली जाणारी बीएचसी पावडर जमिनीत टिकून राही, चाऱ्यातून दुधात उतरे. म्हणून १९९७ साली सरकारने तिच्यावर बंदी घातली. लिंबू आपण सालीसकट लोणच्यात घालतो, हे विसरू नये.

यापेक्षा आमिष बरे. एक लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम साखर आणि ५ ते १० ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवावी. बारडोलीच्या साखर कारखान्याच्या मुलखात साखरेला तोटा नाही! झाकणाच्या बाटलीला, मुंगी शिरेल पण मधमाशी शिरणार नाही, अशी बारीक छिद्रे पाडावीत. आत आमिषात भिजविलेला कापूस घालून बाटली बुंध्याशी, रांगेजवळ, सावलीत ठेवावी. आठवड्याने आमिष बदलावे.

बोरिक पावडर जास्त घालण्याचा मोह टाळावा. विष कडक झाले तर मुंगी तोंड लावत नाही, किंवा वाटेतच मरते. सौम्य असले तर ती ते पोटात घेऊन वारुळात जाते, इतरांना आणि राणीला भरविते. यास काही आठवडे लागतात. ज्याला उद्याच मुंग्या मेलेल्या पाहायच्या आहेत, त्याचा खर्च दर महिन्याला होत राहील.

आमिष पावसाळा संपल्यावर, नवी फूट येण्यापूर्वी ठेवावे; झाडावरच गोड पाणी भरपूर असेल तर मुंगी बाटलीकडे फिरकत नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर तीच मुंग्यांची शिडी होते. उरलेले आमिष आळ्यात ओतू नये, कारण जास्त बोरॉन लिंबाला बाधते. बाटलीवर ‘विष’ असे ठळक लिहावे आणि ती मुलांच्या व गुरांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी. कोणाच्या पोटात गेल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा.

शेवटी एक गोष्ट. सगळ्याच मुंग्या वैरी नव्हेत. पाने शिवून घरटे करणारी लाल मुंगी, कोकणात जिला हुमला म्हणतात, अळ्या फस्त करते. चीनमध्ये ती संत्र्यांच्या बागेत मुद्दाम सोडीत, असा इ. स. ३०४ च्या सुमाराचा लेखी उल्लेख आहे. आपले गुजराती शेजारीही ‘किडियारूं’ म्हणून मुंग्यांना पीठ-साखर घालतात. त्या जागी आमिष ठेवू नये. आपले भांडण लिंबावर चढणाऱ्या रांगेशी आहे, बांधावरच्या वारुळाशी नाही.