मज्जारज्जूचे पुनर्निर्माण

कासुर्डीच्या शिवारापासून समुद्र दूर असला, तरी पुणे-सोलापूर रस्त्यावरील अपघातात पाठीचा कणा दुखावून कायमचे अंथरूण धरलेली माणसे आमच्या वाचकांच्या परिचयाची आहेत. म्हणूनच मनुष्याचा तुटलेला मज्जारज्जू का सांधत नाही याचा विचार करताना, ज्या सागरी जीवांत तो सांधतो त्यांच्याकडे वळणे आम्हांस अगत्याचे वाटले. समुद्रकाकडीचा मज्जारज्जू छेदला असता तेथील ग्लिया पेशी, ज्यांना शास्त्रज्ञ दीर्घकाळ मज्जापेशींचे केवळ सेवेकरी समजत आले, आपले प्रौढ रूप टाकून विभाजन पावतात, दोन टोकांमध्ये सेतू रचतात आणि त्यांतूनच नव्या मज्जापेशीही जन्मास येतात, असे प्वेर्तो रिकोतील संशोधनात दिसून आले आहे. मनुष्यात मात्र याच कुळातील पेशी जखमेवर व्रण धरतात आणि तंतूंची वाढ बहुधा तेथेच खुंटते. या भेदाची मीमांसा हाच प्रस्तुत अंकाचा गाभा होय.

समुद्र सोडून एक लेख आम्ही मुद्दाम घेतला आहे: शिर कापले तरी मज्जाजालासह ते पुन्हा घडविणाऱ्या गोड्या पाण्यातील हायड्रावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी केलेल्या अभ्यासाचा. वाचकांनी, विशेषतः शिक्षकांनी व रुग्णांच्या आप्तांनी, आपल्या शंका आणि हरकती निःसंकोच लिहून पाठवाव्यात. पुढील अंकात त्यांच्या उत्तरांची तजवीज केली जाईल.